ग्रेगॅरीन : पायांविना चाल

ग्रेगॅरीन म्हणजे अपृष्ठवंशी प्राण्यांतले एकपेशीय परजीवी. मलेरियाच्या प्लास्मोडियमचे नातलग. ग्रेगॅरिना हे प्रजातीनाव १८२८ चे, लिऑन द्यूफूर यांचे. वाढलेल्या पेशीला ना कशाभिका, ना छद्मपाद.

• लेक्युडिना : समुद्री वलयी कृमींच्या आतड्यात. अंग न वाकवता सरळ घसरते, मागे श्लेष्माची रेघ. पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उभ्या घड्या. घसरण्याचे बळ ॲक्टिन-मायोसिनचे. हीच प्रथिने आपल्या स्नायूंतही.

• सेलेनिडियम : तेही कृमींच्याच आतड्यात, पण घसरत नाही, वाकते, वेटोळे घेते. आवरणाखाली सूक्ष्मनलिकांचे थर.

• टेरोस्पोरा : कृमींच्या देहगुहेत. अंगभर आकुंचनाच्या लाटा.

• मोनोसिस्टिस : गांडुळाच्या शुक्राशयात राहणारा हा ग्रेगॅरीन प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा. आकुंचन-प्रसरणाने संथ सरकतो.