गुरांच्या देहाची नावे आणि पशुसेवकाचा दाखला

गोठ्यातील गाय चारा टाकून उभी राहिली की घरधनी दवाखान्यात निरोप धाडतो, "गाय आजारी आहे, लवकर या." निरोप खरा असतो, परंतु त्यातून पशुवैद्याच्या हाती काहीच लागत नाही. दुखणे पुढे आहे की मागे, पोटात आहे की पायात, डावीकडे की उजवीकडे, एवढे कळले तरी त्याला पिशवीत काय घ्यावे याचा विचार निघतानाच करता येईल. गोठा व पशुवैद्य यांच्यामध्ये जो मनुष्य उभा असतो त्याला कोठे पशुधन पर्यवेक्षक म्हणतात, कोठे स्टॉकमन, परदेशात व्हेटरनरी टेक्निशियन. शरीराची नावे बिनचूक ठाऊक असणे हे त्याचे पहिले भांडवल होय, आणि दुसरे भांडवल म्हणजे त्याचा दाखला. दहावी-बारावी झालेली आपली काही मुलेमुली या धंद्याकडे वळू पाहत आहेत, म्हणून दोहोंविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

माणसाच्या शरीरात डोके वर व पाय खाली. बैलाच्या शरीरात डोके पुढे, शेपूट मागे, पाठ वर आणि पोट खाली. माणूस दोन पायांवर उभा असल्यामुळे माणसाच्या वैद्यकातील 'वर' व 'खाली' हे शब्द चतुष्पादाला जसेच्या तसे लावले तर घोटाळा होतो. म्हणून पशुवैद्यकाने वेगळे शब्द घेतले. डोक्याकडील ते क्रेनियल, शेपटीकडील ते कॉडल, पाठीकडील ते डॉर्सल, पोटाकडील ते व्हेंट्रल. डोक्यातच पुढे-मागे सांगायचे असेल तर नाकाकडील बाजूला रॉस्ट्रल म्हणावे. शरीराच्या मध्यरेषेकडील ते मेडियल, बाहेरच्या अंगाचे ते लॅटरल. पायाच्या बाबतीत धडाजवळचे ते प्रॉक्सिमल व खुराकडचे ते डिस्टल. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या आम्हां मंडळींना हे शब्द मुळीच परके वाटत नाहीत. 'कॉडा' म्हणजे शेपूट, 'डॉर्सम' म्हणजे पाठ, 'व्हेंटर' म्हणजे पोट, 'लॅटस' म्हणजे कूस. मूळ अर्थ एकदा समजला की पाठांतराचे ओझे निम्मे उतरते. जगभरच्या पशुशरीरशास्त्रज्ञांनी मान्य केलेली अशा नावांची यादी १९६८ साली प्रथम प्रसिद्ध झाली.

डावे-उजवे हे नेहमी जनावराचे समजावे, पाहणाऱ्याचे नव्हे. गाईच्या तोंडासमोर उभे राहिले असता आपल्या उजव्या हाताला येते ती तिची डावी बाजू. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण कासेचा विचार करा. कासेचे चार भाग एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एका सडाचे दूध दुसऱ्यात जात नाही. ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात तो कासदाह उजव्या मागच्या सडात असताना 'डाव्या मागच्या' असा निरोप गेला, तर औषधाची नळी निरोगी सडात जायची.

गुडघ्याचेही असेच आहे. बैलाच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा म्हणून दाखवितो, तो वास्तविक आपल्या मनगटाच्या जागी आहे. मागच्या पायाचा जो टोकदार सांधा मागे वळलेला दिसतो, ती त्याची टाच. खरा गुडघा मागच्या पायात पोटालगत, बराच वर असतो. बैल आपल्या तिसऱ्या व चौथ्या बोटांवर चालतो. घोडा तर पायाच्या एकाच, मधल्या बोटावर धावतो. शेतकऱ्याने गुडघ्याला गुडघा म्हणू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याला ही विद्या शिकायची आहे त्याने मात्र दोन्ही भाषा जाणल्या पाहिजेत.

आता पोटाकडे वळू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिले कोटीपोट, म्हणजे रूमेन. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो व उदराची डावी बाजू बहुतेक तेच व्यापते. म्हणूनच पोटफुगीत डावी भकाळी ढोलासारखी वर येते. दुसरे जाळीपोट, आतून मधमाशांच्या पोळ्यासारखे. तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात, आणि गंमत अशी की जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याचे एक नाव 'साल्टेरियम', म्हणजे स्तोत्रसंहिता, असे ठेवले होते! चौथे खरे पोट. आपल्या जठरासारखा पाचक रस तेथे सुटतो.

यांतील जाळीपोट सर्वांत लहान, पण त्याची जागा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गाय चारा निवडून खात नाही, घाईने गिळते. गवताच्या भाऱ्याची तार किंवा पडलेला खिळा तिच्या पोटात गेला की तो जड असल्याने बहुधा जाळीपोटात अडकून राहतो. जाळीपोटाच्या पुढे श्वासपटल आहे आणि श्वासपटलाच्या पुढे लगेच हृदय. जाळीपोट आकुंचन पावते तशी तार पुढे सरकते, श्वासपटल भेदते आणि शेवटी हृदयाच्या वेष्टनात शिरते. अशी गाय कोपरे बाहेर काढून, पाठीची कमान करून उभी राहते, उतारावरून चालताना कचरते, बसता-उठता कण्हते. पुढे गळ्यावरच्या नीला दोरीसारख्या फुगतात व गळ्याखालच्या पोळीला सूज येते. अपचन समजून घरी काढे पाजीत बसले तर गाय हातची जाते. ज्याला हा नकाशा पाठ आहे तो पशुवैद्याला तत्काळ कळवील, "चारा बंद आहे, कोपरे बाहेर काढते, पोळीला सूज आहे." एवढ्या शब्दांनीच रोग कोठे शोधावा हे पशुवैद्याला उमगते. वेळीच समजले तर पशुवैद्य पोटात गुळगुळीत लोहचुंबक सोडून तार जागीच धरून ठेवू शकतो, किंवा कोटीपोट उघडून ती बाहेर काढतो. या शस्त्रक्रियेला रूमेनॉटमी म्हणतात. नावाच्या शेवटी 'ओटमी' असेल तर छेद घेणे, 'एक्टमी' असेल तर कापून काढून टाकणे, 'आयटिस' असेल तर दाह, हे सूत्र लक्षात ठेवल्यास शेकडो शब्द आपोआप सुटतात.

नावे येऊ लागली म्हणजे इलाज करण्याचा अधिकार आला, असे मात्र नव्हे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ सालचा. त्याच्या ३० व्या कलमानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा असतो. आणि ती पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. त्याच कलमात एक सवलत आहे. पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा तत्सम पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार आदेशाने किरकोळ सेवेची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी व सरकार अधिसूचनेने ठरवील ती प्राथमिक मदत एवढीच तिची मर्यादा, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

सीमेवर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी येथे थोडे थांबून वाचावे. कायद्याच्या शब्दांप्रमाणे प्रमाणपत्र कोणत्याही राज्याच्या पशुसंवर्धन संचालनालयाचे किंवा भारतातील पशुवैद्यकीय संस्थेचे चालते. परंतु परवानगी देते ते राज्य सरकार, आणि कोणत्या सेवा तीत येतात हेही तेच ठरविते. तेव्हा कोल्हापुराकडे शिकून बेळगाव जिल्ह्यात काम करावयाचे असेल तर कर्नाटकाचा आदेश पाहावा. गोव्यात करावयाचे असेल तर गोव्याचा. नोकरभरतीचे नियमही राज्याराज्यांचे निराळे असतात.

याहून आखूड वाटाही आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मिशनाखाली खेड्यांतील तरुणांना कृत्रिम रेतनाचे शिक्षण देऊन 'मैत्री' या नावाने तयार करतात. २०२२ पासूनच्या 'ए-हेल्प' योजनेत बचतगटांतील पशुसखींना गोठा व दवाखाना यांतील दुवा म्हणून शिकवितात. या चांगल्या वाटा आहेत. पण त्यांपैकी एकही माणसाला डॉक्टर बनवीत नाही, आणि मोटारसायकलवर 'डॉक्टर' अशी पाटी लावणारे जे लोक दिसतात त्यांच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही.

परदेशी नातलग असलेली मुले अमेरिकेविषयी विचारतात. तेथे टेक्निशियनचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, मग राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यानंतर राज्याप्रमाणे सर्टिफाइड, रजिस्टर्ड किंवा लायसन्स्ड असे बिरुद मिळते. तेथेही रोगनिदान, औषध लिहून देणे व शस्त्रक्रिया ही कामे पशुवैद्याकडेच राखलेली आहेत.

खाजगी संस्थेत फी भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे मिळणार, ते आपल्या राज्याच्या आदेशात बसते काय, आणि प्रत्यक्ष जनावरांवरचे शिक्षण कोणत्या दवाखान्यात व किती दिवस होणार. उत्तरे घेऊन ती जवळच्या सरकारी पशुवैद्याला दाखवावीत. पैसे त्यानंतर भरावेत.