मोटारींतील एअरबॅग आणि तिची सुरक्षित तपासणी

ठाकूरद्वाराच्या नाक्यावर घटकाभर उभें राहिलें, तर डोळ्यांपुढून किती तरी मोटारी जातात. त्यांपैकीं नव्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्यें नायलॉनची एक पिशवी घडी घालून ठेविलेली असते. तीच एअरबॅग होय. आपल्या देशांत 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकापुढें ती असणें सक्तीचें झालें.

गाडी जोरानें आदळतांच संवेदक नियंत्रक पेटीस इशारा देतो. पेटी विजेचा प्रवाह सोडते, त्यायोगें रासायनिक द्रव्य पेटतें, व निघालेल्या वायूनें ती पिशवी सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें तीस भागांत फुगते. पापणी लवण्यापूर्वींच सर्व आटोपतें! परंतु जो वेग प्राण वाचवितो, तोच घातकही ठरूं शकतो. डिसेंबर 2024 मध्यें वाशी येथें एका अपघातांत एअरबॅग फुगून पुढील आसनावरील सहा वर्षांच्या बालकाचा अंत झाला. म्हणून मुलांनीं मागें बसावें व पट्टा अवश्य बांधावा.

आतां तपासणीविषयीं. किल्ली फिरवितांच फलकावरील एअरबॅगचा दिवा कांहीं सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाहीं, किंवा विझलाच नाहीं, तर बिघाड आहे असें समजावें. अशा स्थितींत अपघातसमयीं पिशवी फुगेलच असा भरंवसा नाहीं. कारागीर स्कॅनर जोडून दोषाचा संकेतांक वाचतो. पुष्कळदां आसनाखालील तारांची जोडणी सैल झालेली असते, किंवा पावसाळ्यांत आंत शिरलेल्या पाण्यानें ती गंजलेली असते. दिव्याबरोबर भोंगाही बिघडला असेल, तर स्टिअरिंगखालील गुंडाळी-तारेचा संशय घ्यावा. मूळ दोष न काढतां नुसता संकेतांक पुसणें म्हणजे ताप न उतरवितां तापमापक फेकून देणें होय.

कामास हात घालण्यापूर्वीं किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. तरीहि पेटींत विजेचा सांठा कांहीं काळ उरतो. यास्तव गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलीं मिनिटें थांबावें. या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. पिशवीच्या ज्वालकास साधा मीटर वा दिवा कदापि लावूं नये. त्याच्या अल्प प्रवाहानेंही स्फोट होऊं शकतो. काढलेली पिशवी नेतांना तिचें तोंड अंगापासून दूर असावें, व ठेवितांना तें वरच्या बाजूस असावें. खालीं तोंड असल्यास फुगतांना ती सबंध उसळेल. तिजजवळ विस्तव नसावा.

एकदां फुगलेली एअरबॅग पुन्हां उपयोगीं पडत नाहीं. पालकांनीं भंगारांतील स्वस्त पिशवीच्या मोहांत पडूं नये. ती खरी कीं खोटी, हें अपघाताच्या क्षणींच कळेल, व तेव्हां तें कळून कांहीं उपयोग नसेल.