काळं कापड बेतताना

खमीस म्हणजे गुरुवार. सौदी अरेबियातल्या असीरच्या डोंगरात, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर गुरुवारचा बाजार भरायचा, त्यावरून खमीस मुशैतला हे नाव पडलं. 2006 साली आम्ही तिथे राहायला गेलो आणि पुढच्याच संक्रांतीला लेकीच्या बोरन्हाणाचं काळं झबलं मी शिवायला घेतलं.

काळ्या कापडाला त्या गावात तोटा नव्हता. अबायाचे तागेच्या तागे दुकानात उभे असत, पण ते बहुतेक पॉलिस्टर, तान्ह्या बाळाला नको वाटणारं. सुती मिळालं ते मी तसंच बेतलं. पहिल्याच धुण्यात झबलं आटलं आणि दुपट्याला काळे डाग पडले. लेकीच्या दंडात बाही अडकली तेव्हा जिवाला फार लागलं.

तेव्हापासून कापड आधी रात्रभर भिजायचं. रंग सुटेनासा होईपर्यंत खळबळायचं, सावलीत वाळवायचं. तिथली हवा इतकी कोरडी की जरा दुर्लक्ष झालं तर कापड कडक व्हायचं. म्हणून दमट असतानाच इस्त्री. मग टोकाशी एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढायचा. कापडात बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. दुकानदाराने सरळ कापून दिलेलं कापडसुद्धा बोटभर तिरकं निघे. उभा धागा चुकला की झबलं अंगावर फिरतं, हे मला तिथे कळलं.

कागदी साचे खाकी कागदाचे. अरबी वर्तमानपत्रात अल्लाचं नाव असतं, त्यावर कात्री चालवू नये, असं शेजारणीने सांगितलं होतं. असीरी बायकांचा जुना पोशाख काळ्या मखमलीचा, त्यावर पिवळं-केशरी भरतकाम. लेकीच्या परकरासाठी मी मखमल आणली आणि कापड वाचावं म्हणून कळ्या उलटसुलट मांडल्या. शेजारीण काही न बोलता माझा तळवा धरून कापडावरून आधी खाली, मग वर फिरवू लागली. लव वर जाणारी असली की काळा गडद दिसतो. खाली असली की फिकट, चकाकता. सगळ्या कळ्या मी उचलून एकाच दिशेने पुन्हा मांडल्या. कापड कमी पडलं, परकर चार बोटं आखूड झाला. पण एकरंगी झाला.

जुलै 2017 पासून परदेशी कामगारांच्या घरच्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 100 रियाल शुल्क आलं, दरवर्षी वाढत जाणारं. ओळखीची घरं एकेक करून परतू लागली. जानेवारी 2018 मध्ये आमची तिथली शेवटची संक्रांत होती. तीन घरांतल्या तीन बाळांसाठी मोठ्या पन्ह्याचं एकच कापड आणलं. दोन्ही काठ मध्यावर आणून दुमडलं, म्हणजे पुढचे-मागचे भाग शेजारी शेजारी घडीवर बसले. दुपारभर जमिनीवर साचे सरकवत होते. तिन्ही झबली बसली, आणि उरलेल्या तिरक्या तुकड्यांतून गळ्यांच्या उरेब पट्ट्याही निघाल्या.