पाटीवरची कबुली

साखरखेर्ड्याचा आठवडी बाजार भरात आलाय. सोयाबीनचे पैसे हातात आहेत, दिवाळी तोंडावर आहे. कपड्या-चपलांच्या रांगेत पाय ठेवायला जागा नाही. ताडपत्रीवर बूट मांडून एक तरुण भाव पुकारतोय. मागे दोरीला पुठ्ठा टांगलाय. त्यावर काळ्या मार्करने लिहिलंय : 'फर्स्ट कॉपी. ओरिजिनल नाही. गॅरंटी मागू नये.'

मी एक जोड उचलतो. बाजूला तीन पट्टे, जिभेवर आदिदासचं चिन्ह. टाचेकडचा पट्टा सुटत आलाय, खालून पिवळं सोल्यूशन दिसतंय. सोलच्या कडेला शिवण दिसते, पण नख फिरवलं तर धागाच नाही, नुसता ठसा. खोकं मात्र हुबेहूब.

"दादा, असं विकलेलं चालतं का?"

"आपुन लिवूनच ठेवलं ना भाऊ. कोनाले फसवत नाही."

गिऱ्हाइकापुरतं त्याचं खरं आहे. पण चिन्ह ज्याचं, त्याच्या संमतीशिवाय ते लावलेला माल विकायला मांडणं हाच व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 104 खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. सुटायचं तर विक्रेत्यालाच सिद्ध करावं लागतं, की सगळी खबरदारी घेऊनही मला संशय यायला कारण नव्हतं. इथे तर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय, की मला ठाऊक होतं!

मी हे सांगतो तसा त्याचा चेहरा उतरतो. "मंग पाटी काढू?"

"पाटी काढून खरा म्हणून विकलास, तर वर फसवणुकीचंही कलम लागेल. माल कुणाकडून घेतला, तेही सांगावं लागतं. बिल आहे?"

"मुंबईचा माल हाय. बिल कोन देते?"

मला राग येतो तो इथे. या कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती-जप्तीचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे, आणि त्यालाही आधी व्यापारचिन्ह निबंधकाचं मत घ्यावं लागतं. एवढं सगळं हललं, तरी पहिल्यांदा सापडणार हा ताडपत्रीवाला. साचे पाडणारा, खोकी छापणारा यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तपास बाजारातून उलटा कारखान्यापर्यंत गेलाच पाहिजे. नाहीतर एक पोरगा आत जाईल आणि पुढच्या बाजारी दुसरा बसेल.

ताडपत्रीच्या कोपऱ्यात साधे काळे बूट पडलेत, कुणाचंच नाव नसलेले. सोल दाबून पाहतो. शिवण खरी आहे.

"हे का नाही विकत? यात कसलीच भानगड नाही."

"त्याले कोन हात लावते भाऊ? पोराहिले नाव पायजे," तो म्हणतो आणि तीन पट्ट्यांचा दुसरा जोड एका शाळकरी पोराच्या बापापुढे धरतो.