पेटीच्या तळाशी काय घालाल?

जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात काच कापणारा, सुतार आणि शोभेचे मासे विकणारा छोटा दुकानदार या तिघांची सांगड जमण्यासारखा एक धंदा आहे. खऱ्या पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यपेट्या तयार करून देण्याचा. प्लास्टिकची फुले आणि जलपरीचा पुतळा आपल्या समाजातल्या अनेक घरांना नकोच असतो. हिरवीगार पेटी मात्र बैठकीत सगळ्यांना चालते. अडचण एवढीच की, महिन्याभरात झाडे कुजली की गिऱ्हाईक भांडायला येत नाही, ते परत येतच नाही. आणि दोष झाडाचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो तळाच्या थरात असतो.

रंग दिलेली खडी दिसायला छान, पण तिच्यात झाडाला खायला काही नसते. संगमरवराच्या कामातून उरलेली पांढरी खडी फुकट मिळते म्हणून काहीजण तीच वापरतात. हा तर सरळ तोट्याचा सौदा. तिचा चुना पाण्यात उतरतो आणि आधीच जड असलेले आपले बोअरचे पाणी आणखी जड होते. परीक्षा सोपी आहे. कोरड्या खडीवर लिंबाचे किंवा सिरक्याचे चार थेंब टाका. फेस आला तर ती खडी बाजूला ठेवा. गारगोटीची किंवा ग्रॅनाइटची खडी फेसाळत नाही, ती चालते. दाणा दोन-तीन मिलिमीटरचा असावा. फार बारीक वाळू घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि खाली सडके अंडे फुटल्यासारखा वास धरतो.

मग आपली काळी माती? ती खत धरून ठेवण्यात पटाईत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण पाण्यात ती फुगते, जरा हात लागला की सगळी पेटी गढूळ करते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. आमच्या मते नुसती काळी माती घालू नये. तिच्यापेक्षा शेणखत न घातलेली, चाळलेली बागेची माती बरी. तिचा इंचभर थर, वर सव्वा ते दीड इंच धुतलेली खडी. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टाड यांनी 1999 साली पुस्तक लिहून ही कमी खर्चाची पद्धत जगभर नेली. शेजारच्या बिदरची लाल जांभ्याची माती लोहासाठी चिमूटभर मिसळायला हरकत नाही. मात्र बिदरी कारागीर नवसागराबरोबर वापरतात ती किल्ल्यातली माती घेऊ नये. तिच्यातल्या क्षारांनी भांड्यांना काळी झळाळी येते, पण माशांच्या पाण्यात त्या क्षारांचे काही काम नाही.

मोठ्या शहरांतून जपानी पद्धतीची भाजलेली दाणेदार माती मागवता येते. ताकाशी आमानो (1954–2015) यांच्या कंपनीने ती नावारूपाला आणली. माल उत्तम आहे. ती पाण्याचा जडपणा आणि पीएच कमी करते. पण आमचे स्पष्ट मत असे की जळकोटच्या बोअरच्या पाण्यात तिचा हा गुण लवकर संपतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात. आरओचे पाणी मिसळणारा असेल त्यालाच ती द्यावी. बाकीच्यांना व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, क्रिप्टोकोरिन अशी जड पाणी सोसणारी झाडे आणि साधा तळ द्यावा. जावा फर्न आणि अनुबियास यांचे खोड मातीत पुरायचेच नसते. ती दगडाला दोऱ्याने बांधतात.

इथे व्यापाऱ्याचा इमान लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ते वर का ठेवले नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पेटीचा तळही झाकलेलाच माल आहे. खाली काय घातले ते बिलावर लिहून द्यावे.

हिशेब असा करा. दोन फूट बाय एक फुटाच्या पेटीत सरासरी पाच सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे नऊ लिटर. नुसती खडी घातली तर चौदा किलोच्या आसपास. पुढे चार, मागे सात सेंटिमीटर असा उतार ठेवला की पेटी खोल दिसते. पाणी भरताना थरावर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडावी. झाडे पहिल्याच दिवशी दाट लावावीत, कारण नवीन माती अमोनिया सोडते आणि तो झाडे ओढून घेतात. मासे मात्र तीन-चार आठवड्यांनी, अमोनियाची तपासणी करून सोडावेत. गिऱ्हाईक घाई करते. आपण करू नये, मुका जीव आहे.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून बदललेले पाणी गटारात न टाकता कुंड्यांना घालायला सांगावे. त्यात खताचा अंश असतो. उन्हाळ्यात पेटीतले पाणी आटते तेव्हा दर वेळी बोअरचेच भरत गेल्यास क्षार वाढत जातात, तेवढ्यापुरते आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी चांगले.

सुतार बांधवांसाठी एक गोष्ट. पंधरा इंच उंचीची ही पेटी भरली की काच, पाणी, खडी मिळून वजन नव्वद किलोच्या घरात जाते. स्टँडचा माथा पाणसळीने तपासावा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घालूनच पेटी ठेवावी.