पाच आणि सात यांचा तंटा

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने 1973 ते 1987 या काळात बांधलेले, चौकोनी अंगाचे आणि चारही चाकांना गती देणारे जे पिकअप ट्रक तिकडच्या शेतावाड्यांवर व डोंगरवाटांवर अद्याप राबताना दिसतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बॉनेटखाली 350 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 5.7 लिटरचे, व्ही-आठ इंजिन असते; आणि या इंजिनाच्या दोन्ही अंगांस जडवलेले ओतीव लोखंडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वयोमानाने तडकले वा वाकले, की तेच पुन्हा बसवावे की त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी देणारे ‘हेडर’ घ्यावे, असा पेच मालकासमोर उभा राहतो. या पेचाचा निकाल बहुधा जाहिरातीतील अश्वशक्तीच्या आकड्यांवर किंवा नळ्यांच्या चकाकीवर लावला जातो. वस्तुतः तो इंजिनाच्या स्फोटक्रमावर लागावयास हवा.

या इंजिनाच्या डाव्या अंगास 1, 3, 5, 7 आणि उजव्या अंगास 2, 4, 6, 8 या क्रमांकांचे सिलिंडर असून त्यांत 1-8-4-3-6-5-7-2 या क्रमाने स्फोट होतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, आठ स्फोट; अर्थात दर 90 अंशांस एक. एकंदर इंजिनाचा हिशेब असा चोख असला, तरी केवळ डाव्या अंगाकडे कान दिला तर स्फोटांमधील अंतरे अनुक्रमे 270, 180, 90 आणि 180 अंश अशी विषम पडतात, आणि व्ही-आठ इंजिनाचा जो घुमारेदार आवाज शौकिनांस मोहित करतो त्याचे मूळ याच विषमतेत आहे. परंतु जे कानास गोड लागते ते पाचव्या सिलिंडरला जाचक होते. त्याचा एक्झॉस्ट व्हाल्व्ह उघडून जळका वायू बाहेर पडू लागतो न लागतो, तोच अवघ्या 90 अंशांनी शेजारच्या सातव्याचा व्हाल्व्ह उघडतो, आणि वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट दाबाने सुटलेला त्याचा वायू त्याच आखूड लोखंडी दालनात घुसतो. प्रत्येक व्हाल्व्ह अडीचशे अंशांच्या आसपास उघडा राहत असल्यामुळे, वाड्याच्या अरुंद बोळातून एक जण बाहेर पडत असता दुसऱ्याने मागून धाव घ्यावी, तशी या दोघांची गत होते; पाचव्याच्या पोटात थोडा जळका वायू शिल्लक राहतो आणि ताज्या मिश्रणास तितकी जागा कमी पडते. उजव्या अंगास आठ आणि चार यांचाही असाच तंटा आहे. फरक इतकाच, की त्या दोघांच्या मध्ये सहावा सिलिंडर असल्याने तो काहीसा सौम्य असतो.

हेडरचे खरे कार्य या तंट्यात मध्यस्थी करणे हे होय. पाच आणि सात यांचे वायू आपापल्या नळीतून पाऊण मीटरभर वेगळे जातात आणि कलेक्टर नामक जोडाशी पोचल्यावरच एकत्र होतात. लांब नळ्यांचे हेडर आखूड हेडरपेक्षा सरस ठरते ते यामुळेच.

याच्या जोडीला दाबलहरींचा जो सिद्धांत सांगितला जातो तो खोटा नाही; पण ट्रकच्या संदर्भात तो अतिशयोक्त आहे. नळीच्या मोकळ्या टोकावरून परतणारी लहर विरल दाबाची होते, आणि ती इनटेक व एक्झॉस्ट हे दोन्ही व्हाल्व्ह किंचित उघडे असण्याच्या क्षणी पोचली तर उरलासुरला वायू ओढून काढते, हे सत्यच. आता हिशेब पाहा. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या गतीने, एक्झॉस्ट व्हाल्व्ह उघडल्यापासून त्या क्षणापर्यंत, क्रँकशाफ्टला 240 अंश फिरण्यास सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग लागतो. सुमारे 600 अंश सेल्सियस तापमानाच्या वायूत ध्वनी सेकंदास अदमासे 580 मीटर धावतो. तेव्हा लहर नेमक्या मुहूर्तावर परत यावयाची तर नळी जवळजवळ चार मीटर लांब हवी. ती अर्ध्या अवधीत परतली तरी चालेल अशी सवलत दिली, तरी दोन मीटर हवीच. बॉनेटखाली एवढी जागा कोठून आणावी? शर्यतीच्या मोटारीस दुप्पट फेऱ्यांमुळे जे साधते, ते ओझे ओढणाऱ्या, दीड ते साडेतीन हजार फेऱ्यांत आयुष्य कंठणाऱ्या ट्रकास साधत नाही.

म्हणूनच नळीचा व्यास निवडताना हाव धरू नये. इंजिनास थोडा ‘उलट दाब’ आवश्यक असतो अशी जी समजूत गॅरेजांतून प्रचलित आहे ती शास्त्रास धरून नाही. दाब कोणत्याही इंजिनास हितावह नाही, हितावह आहे तो वायूचा वेग, आणि नळी फाजील रुंद केली की तो मंदावतो. 1⅝ इंच आणि 1¾ इंच यांत अंतर केवळ अष्टमांश इंचाचे, पण आतील क्षेत्रफळ सुमारे एक षष्ठांशाने वाढते. मूळ स्थितीतील 350 इंजिनाच्या ट्रकास 1⅝ इंच पुरेसे आहे.

आता बसवणीची कहाणी. दोनच चाकांना गती देणाऱ्या ट्रकासाठी बनलेले हेडर चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रकास बसेलच असे नाही, कारण या गाड्यांत पुढच्या आसाकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उजव्या अंगाने जातो, त्याच अंगास स्टार्टर असतो, आणि डाव्या अंगास स्टिअरिंगचा दांडा व, हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल तर, क्लचची जोडणी वाट अडवते. इंजिनाखालचे रबरी माउंट खचलेले असतील तर इंजिन खाली बसते, आणि कागदावर जुळणारी नळी प्रत्यक्षात फ्रेमला घासते. तेव्हा माउंट आधी बदलावेत. लांब नळ्या फ्रेमखाली लोंबल्या तर पहिल्याच खडकाळ ओढ्यात चेपतात. अशा वापराच्या गाडीस आखूड हेडर घेऊन लाभाचा काही अंश सोडून देणे शहाणपणाचे.

जुने बोल्ट सोडवणे हे सर्वांत कष्टाचे काम. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री घालून ठेवावे आणि पान्यावर जोर करण्यापूर्वी इंजिन थोडे तापवावे. बोल्ट तुटून हेडमध्ये अडकला तर अर्ध्या दिवसाचे काम आठवड्याचे होते. फ्लँज जाड, निदान आठ मिलिमीटरचा असावा, कारण साठ सेंटिमीटरची साध्या पोलादाची नळी 500 अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरहून अधिक वाढते, स्टेनलेसची पाच मिलिमीटरपर्यंत. ही वाढ फ्लँजला पिळते आणि पॅकिंग गळू लागते. नळ्यांवर पट्टी गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिकचा लेप बरा. पट्टी ओल धरते आणि साधे पोलाद तिच्याखाली गुपचूप कुजते.

उष्णतेचा दुसरा बळी स्टार्टर. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे शंभर अंशांच्या वाढीने जवळजवळ दोन पंचमांश. गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे गाडी सुरू होत नाही, त्याचे हे एक कारण. उष्णतारोधक पत्र्याची तजवीज आधीच करावी, आणि प्लगच्या तारा नळीपासून दूर बांधाव्यात. जुन्या मॅनिफोल्डसोबत कार्ब्युरेटरला थंडीत ऊब पुरवणारी झडपही जाते, हे थंड मुलुखातील मालकाने ध्यानात ठेवावे.

माझे मत विचाराल तर मूळ मॅनिफोल्ड शाबूत असेल आणि गाडी ओझ्यासाठीच असेल तर ते काढू नये. तडकले असेल तर शेव्हरोलेचेच ‘रॅम्स हॉर्न’ आकाराचे ओतीव मॅनिफोल्ड हा मध्यम मार्ग आहे. हेडरच घ्यावयाचे ठरले आणि गाडी कॅलिफोर्नियातील असेल, तर मागणी नोंदवण्यापूर्वी दप्तर पाहावे: तेथे 1976 व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांस नियमित धूरतपासणी लागू आहे, आणि त्या हेडरवर राज्याच्या वायू-संसाधन मंडळाच्या परवान्याचा क्रमांक नसेल तर ते तपासणीत नापास होऊ शकते.