कामगारांची सुरक्षितता : मालकांचे दायित्व

कारखाने, खाणी, गोदी, बांधकामे आदींविषयीचे तेरा केंद्रीय कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

तीमधील एक तरतूद मालकवर्गाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. जीवितास नजीकचा धोका असल्याची वाजवी शंका आल्यास कामगार तसे मालकाच्या निदर्शनास आणू शकतो. खात्री पटल्यास मालकाने तात्काळ उपाय योजून निरीक्षकास अहवाल पाठवावा. न पटल्यास प्रकरण निरीक्षकाकडे सोपवावे. त्याचा निर्णय अंतिम राहील. म्हणजेच, तक्रार दडपून ठेवण्यास वाव नाही.

कर्तव्यात कसूर झाल्याने कामगार मृत्यू पावल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तथापि, भरपाईने गेलेला जीव परत येत नाही. वेळीच घेतलेली दखल हाच खरा उपाय होय.